कट्ट्यावरचा कानोसा

बुरूजतळ तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी जो वाद पेटला होता, तो दर मोसमाच्या तोंडावर पेटतो तोच होता. दुसरा गोलकीपर हवाच कशाला? फुटबॉल संघटनेकडे तालमीच्या संघाची अठरा नावं नोंदवायची मुदत शनिवारपर्यंत होती. सतरा नावांवर पेठेचं एकमत झालं होतं, म्हणजे पेठेच्या मानाने एकमत. फक्त तिघेजण चहा अर्धा टाकून उठून गेले होते. अठराव्या नावावर गाडी अडली होती.

अस्लम मुजावर म्हणत होते, पहिला कीपर दोन मोसमांत एकदाही बाहेर बसलेला नाही, मग ती जागा ताज्या दमाच्या फॉरवर्डला द्या. गजाभाऊ नलवड्यांनी त्यांना चिंचेचा पार तालमीची आठवण करून दिली. त्यांनी हाच शहाणपणा केला होता, आणि उपांत्य सामन्यात कीपरचं बोट मोडल्यावर डिफेंडरला हातमोजे चढवून उभं केलं होतं. त्याने सहा गोल खाल्ले, आणि अजून त्या पेठेत कुणी ‘सहा’ म्हटलं की माणसं विषय बदलतात.

शेवटी सगळ्यांनी दिनकर सरनाईकांकडे, म्हणजे दिनूमामांकडे पाहिलं. उद्यमनगरात लेथ चालवून निवृत्त झालेला हा माणूस एकेकाळी तालमीचा दुसरा कीपर होता. अकरा वर्षांत चार सामने खेळला आणि बाकीचे बाकावर बसून पाहिले. त्यामुळे या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. दुसऱ्या कीपरचं काम गोल अडवायचं नसतं, असं दिनूमामा म्हणाले; पहिल्याला थोडं धाकात ठेवायचं आणि उरलेल्या दहा जणांना निर्धास्त ठेवायचं, एवढंच असतं. मग कुणीतरी समरजितचं नाव घेतलं आणि मामा कपात बघत बसले.

समरजित तिबिले हा तालमीचा आताचा दुसरा कीपर. चोवीस वर्षांचा, हाडापेराने मोठा, बोलायला कमी. आठव्या वर्षापासून मामांनीच त्याला पहाटे मैदानावर नेऊन घडवलं होतं. मामांना मूलबाळ नव्हतं, आणि याला बाप नव्हता. पण हे दोघंही कधी तसं बोलून दाखवत नसत, कारण पेठेत त्याची सोयच नव्हती.

बुरूजतळाची एक जुनी रीत होती. फार पूर्वी एका फॉरवर्डचं कट्ट्यावर तोंड भरून कौतुक झालं आणि अंतिम सामन्याच्या सकाळी जिना उतरताना त्याचा पाय मोडला. तेव्हापासून आपल्या खेळाडूला चांगलं म्हणायचं नाही असं ठरून गेलं. वर्षभर त्याला शिव्याच घालायच्या, आणि जितका जीव जास्त तितकी शिवी जहाल. या प्रकाराला पेठ ‘तीट लावणं’ म्हणायची. लहान मुलाच्या गालाला लावतात तीच तीट, फक्त इथे ती तोंडाने लावायची. यात मामांचा हात धरणारा कुणी नव्हता. समरजित कट्ट्यासमोरून गेला की ते सुरू व्हायचे: आलं बघा बुजगावणं, चेंडू पिशवीत घालून दिला तरी सांडंल! समरजित मान खाली घालून हसत पुढे जायचा. ज्या दिवशी शिवी मिळायची नाही त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे, असं त्याची आई सांगायची.

या कट्ट्यावर, ट्यूबलाइटच्या शेजारी, गेल्या मोसमापासून एक राखाडी डबा बसवलेला होता. त्याचं नाव कानोसा.

तो केतकी सासनेने बनवला होता. केतकी याच पेठेतली, परदेशी शिकून आलेली, तरी अजून पेठेतल्या बायकांसारखं ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलणारी. तालमीच्या सभेत तिने सगळं समजावून सांगितलं होतं. खेळाडूच्या छातीवर पट्टा बांधून त्याचा वेग, श्वास, नाडी मोजता येते. पण पट्ट्याला फसवता येतं. पेठेला फसवता येत नाही. कोण जिना चढताना कठडा धरतो, कोण लग्नात उशिरापर्यंत नाचला, कोणाचं घरी बिनसलंय, हे कट्ट्यावरच्या माणसांच्या बोलण्यात रोज झिरपत असतं. एकट्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही, पण शंभर माणसांचं वर्षभराचं बोलणं आणि त्यातला चढउतार एकत्र मांडला तर लागतो. त्यातून प्रत्येक खेळाडूचा एक आकडा निघायचा. त्याला तिने ‘भरवसांक’ असं नाव दिलं होतं, आणि तो घसरला तर का घसरला याचा अंदाजही डबा सांगायचा.

सभेत हात वर करताना पेठेला कोण आनंद झाला होता. इतकी वर्षं आपण कट्ट्यावर घसा फोडला आणि संघ ठरवला कार्यकारिणीने. आता आपल्या बोलण्याला वजन येणार. सगळ्यात आधी हात वर केला होता तो दिनूमामांनी. आणि कानोसा चुकलाही नव्हता. मागल्या मोसमात दोनदा त्याने सांगितलं ते कार्यकारिणीला पटलं नाही, आणि दोन्हीदा तालीम हरली.

तीन आठवड्यांपूर्वी मैदानावर सराव संपल्यावर समरजित मामांजवळ येऊन बसला. डावीकडे झेप घेतली की खांदा निखळतो, त्याने सांगितलं. दोनदा त्याने स्वतःच दाबून बसवला होता. डॉक्टर शस्त्रक्रिया म्हणत होते आणि त्यानंतर सहा महिने विश्रांती. पण खेळाडूंसाठी राखीव असलेल्या नोकरीला सलग तीन मोसमांची नोंद लागत होती, आणि हा तिसरा मोसम होता. यादीत नुसतं नाव राहिलं तरी पुरे होतं. खेळायची वेळ तशीही येत नव्हती.

“मामा, तुम्हाला एकट्यालाच सांगतोय,” तो म्हणाला. “आईलाबी म्हाईत न्हाई.”

मामांना ते रुचलं नाही. तालमीशी ही लबाडी होती, आणि पहिल्या कीपरचं बोट मोडलं तर काय होईल हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण पोराच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी शब्द दिला. आणि शब्द पाळला. बायकोला सांगितलं नाही, गजाभाऊंना सांगितलं नाही, देवापुढेही मोठ्याने पुटपुटले नाहीत.

शुक्रवारी यादी लागली. अठरावं नाव एका फॉरवर्डचं होतं. शेजारच्या फलकावर समरजितचा भरवसांक महिन्याभरापूर्वी एकाहत्तर होता, तो आता अडतीसवर आला होता. चिटणीस संग्राम बोंद्रे यांनी त्याला बोलावून घेतलं होतं. कानोसाला दुखापतीचा संशय आहे, जरा डावा हात वर कर, म्हणाले. हात खांद्याच्या वर गेला नाही.

समरजित मामांच्या दारात आला तेव्हा त्याने चप्पल काढली नाही. आजवर तो असा उंबऱ्याबाहेर कधी उभा राहिला नव्हता.

“एकालाच सांगितलं हुतं,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर कुणी फोडलं म्हणून शोधत तरी बसलो असतो.”

मामा काही बोलायच्या आत तो जिना उतरून गेला. कठडा उजव्या हाताने धरून. मामांना भयंकर राग आला, तो स्वतःचा नव्हे, त्या डब्याचा. काय झालं असेल ते त्यांना लख्ख दिसत होतं. पोरीने परदेशात शिकून यंत्र केलं, पण यंत्राला तीट कळली नाही. वर्षभर आपण त्याला बुजगावणं म्हणालो आणि त्या मठ्ठ डब्याने ते खरं धरलं. दगा दिला तो पोरीच्या अडाणीपणाने. ते तडक केतकीच्या कार्यशाळेत गेले आणि जे सुचेल ते बोलले. केतकीने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

“मामा, मी बी ह्याच पेठेत वाढलो न्हवं? तीट त्याला पहिल्या महिन्यातच कळली. तुम्ही शिवी दिलासा की सम्याचा आकडा वर जायचा. सगळ्या कट्ट्यात तुमच्या शिवीला सगळ्यात जास्त वजन हाय.”

पडद्यावर एक रेघ होती. वर्षभर ती वरखाली होत चढत गेली होती आणि एका तारखेला तुटल्यासारखी खाली आली होती. मामांनी तारीख वाचली. ज्या सकाळी समरजित मैदानावर त्यांच्याजवळ बसला होता, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

“त्या दिवसापासून एकवीस दिवस झाले,” केतकी हळू म्हणाली. “तो तेरा वेळा कट्ट्यावरनं गेला. तुम्ही त्याला एकदाबी शिवी दिली न्हाईसा. दोनदा तर ‘जेवलास का’ म्हणून विचारलासा.”

मामा खुर्चीवर बसले. त्यांना आठवत होतं. शिवी ओठावर यायची आणि त्याचा तो अवघडून धरलेला हात दिसायचा. दुखऱ्या माणसाला बुजगावणं कसं म्हणायचं? त्यांनी तोंड बंद ठेवून गुपित राखलं होतं आणि त्या बंद तोंडानेच ते फोडलं होतं. न बोललेलंही मोजतात, हे सभेत का सांगितलं नाहीस, त्यांनी विचारलं. कुणी विचारलंच नाही, केतकी म्हणाली, आणि मग मान खाली घालून म्हणाली की विचारलं असतं तर सांगायला पाहिजे होतं, न विचारताही सांगायला पाहिजे होतं. मामा खुर्चीवरून उठले. हात तर त्यांनीच पहिला वर केला होता.

दुसऱ्या सकाळी ते मैदानावर गेले. समरजित गोलखांबाला टेकून उभा होता. मामांनी त्याला सगळं सांगितलं, रेघेसकट. त्याने ऐकून घेतलं. खरं मानलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

“मग शिव्या का थांबवलासा?”

“देववत न्हवत्या रं.”

“द्यायला पाहिजे हुत्या,” समरजित म्हणाला. “माझ्यासाठी एवढंच करायचं हुतं.” त्याने खाली पडलेली पिशवी उजव्या खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला.

ही हकीकत दुपारपर्यंत पेठभर झाली. संध्याकाळी कट्टा भरला, पण त्याला कट्टा म्हणणं कठीण होतं. गप्प राहिलं तरी डबा ऐकतो हे कळल्यावर प्रत्येकजण सगळ्या अठरा खेळाडूंना रांगेने सारख्याच शिव्या देत सुटला. अस्लमभाईंनी तर बोटावर मोजून दिल्या. हसलं कुणीच नाही. गजाभाऊंच्या नातवाला ताप होता, त्याबद्दलही ते बोलले नाहीत. नातू तालमीच्या छोट्या संघात होता.

अंधारायच्या सुमारास समरजित गल्लीच्या तोंडाशी दिसला. डावा हात गळ्यातल्या झोळीत होता. शस्त्रक्रियेची तारीख घेऊन आला असावा. दुसऱ्या गल्लीने जाता आलं असतं, पण तो कट्ट्यासमोरूनच आला आणि मामांसमोर पोचल्यावर त्याची चाल मंदावली. त्याने मान खाली घातली होती, पूर्वी घालायचा तशीच.

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. डब्यावरचा बारीक हिरवा दिवा चालू होता. मामांनी घसा साफ केला. बुजगावणं हा शब्द जिभेवर तयार होता, वर्षानुवर्षांचा, त्यांच्या मायेचा एकुलता एक शब्द. पण आता तो तोंडातून निघाला, तर तो पोरासाठी निघेल की भिंतीवरच्या कानोसासाठी, हे त्यांना तरी सांगता येणार होतं का? आणि नाही निघाला, तर समोर थबकलेल्या समरजितने त्याचा अर्थ काय घ्यायचा?