भिंतीवरच्या उष्ट्या रोट्या

काम तसं साधंच होतं. ऑफिसात जायचं, भिंतीवरचं सामान उतरवायचं, रिकाम्या भिंतीचा फोटो काढून साहेबाला पाठवायचा आणि घरी येऊन झोपायचं. बस्स. डिसेंबरातली सव्वीस तारीख, गुरुवारची रात्र. ताश्कंदात बर्फ पडून गेलेलं, रस्ते नुसते काचेसारखे.

गनीजोन-अकांनी, म्हणजे गनीजोनदादांनी, सुरुवात केली ती अशी. चहाच्या दुकानात वीज गेलेली, टेबलावर एक मेणबत्ती. आता अका चालवतात टॅक्सी, आणि ज्याचं हे काम, तो इल्योर त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. म्हणजे ही ऐकीव गोष्ट नाही हां, त्या रात्री गाडी त्यांचीच होती! समोर बसलेले दियोरा आणि अस्रोर. दोघांच्या ऑफिसात परवाच एक बोलणारं मशीन आलंय, त्यामुळे दोघांचीही तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी.

"अका, भुताची सांगा ना," अस्रोर म्हणाला. "ऑफिसची नको. ते दिवसभर भोगतोच."

"आता त्यात वेगळं काय राहिलंय रे बाबा?" अका म्हणाले.

तर इल्योरचं ऑफिस म्हणजे हप्त्यावर फ्रिज-टीव्ही विकणाऱ्या कंपनीचं फोनघर. लांबलचक हॉल, ओळीनं टेबलं, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. सगळ्यांत जुन्या सानोबर-ओपा, अख्ख्या हॉलची थोरली ताई. गिऱ्हाईक शिव्या देत फोन करायचं, आणि ओपा आधी विचारणार, घरचे कसे आहेत, पोरं बरी ना, आईचे गुडघे काय म्हणतायत? फ्रिजचं नाव सगळ्यात शेवटी. तोवर गिऱ्हाईक गार!

साहेब तैमूर अकमलोविच. उठता बसता एकच पालुपद, "आपण एक कुटुंब आहोत." त्यांनी उन्हाळ्यात मशीन आणलं. नाव काय, तर लोला. "तिला बोलायला शिकवा, ती तुमचं ओझं हलकं करेल." बिचाऱ्यांनी शिकवलं की! पोटच्या पोरीला शिकवावं तसं शिकवलं. आणि नोव्हेंबरात ओझं खरंच हलकं झालं. कंपनीचं. सगळा हॉल घरी. राहिला एकटा इल्योर, लोलावर लक्ष ठेवायला.

"आणि साहेब?" दियोरानं विचारलं.

"साहेबाला बढती. कुटुंबप्रमुख ना तो!"

निघायच्या दिवशी सानोबर-ओपांनी खालून ताज्या रोट्या मागवल्या. एक उचलली, तिचा एक घास तोडला आणि उरलेली इल्योरपुढे धरली. "खिळा ठोक." सैन्यात निघालेला पोरगा घरच्या रोटीला चावा घेऊन जातो, उरलेली भिंतीवर टांगतात, परत आला की त्यानंच ती संपवायची. तसंच. "त्या तैमूरला सांग," ओपा म्हणाल्या, "आमचं दाणापाणी अजून इथून उठलेलं नाही." मग काय, एकेकानं चावा घेतला. सगळी भिंत उष्ट्या रोट्यांनी भरली. खिळे इल्योरनंच ठोकले, डोळे पुसत पुसत.

आणि डिसेंबरात सानोबर-ओपा गेल्या. झोपेतच. त्यांची रोटी तशीच लटकत राहिली. गेलेल्या माणसाची रोटी उतरवणार कोण?

तर तो गुरुवार. शुक्रवारी दुबईहून मालक मंडळी येणार होती. तैमूर अकमलोविचनं इल्योरला बोलावलं. "सकाळी भिंत कोरी पाहिजे. नाहीतर तुझीही रोटी मागव."

इल्योरच्या बायकोला नववा महिना लागलेला. घरात म्हातारी आई. कमावता हा एकटा. तो "हो साहेब" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गाडीत अका म्हणाले, "आज गुरुवार आहे बेटा. गेलेली माणसं आज रात्री येतात, आपल्या नावानं कुणी तेल तापवून वास सोडलाय का बघायला. पहाटे उतरव."

"मेलेल्यांना सुट्टी मिळते अका, मला नाही मिळत."

"आणि रोट्यांचं काय करणार?"

"काकाच्या मेंढ्यांना घालीन. फेकतोय थोडाच!"

रस्त्यात रोटीचा तुकडा दिसला तरी उचलून कपाळाला लावणारी माणसं ही. इल्योर पोतं घेऊन वर गेला.

हॉलमध्ये अंधार होता. लोला कुठल्या तरी कपाटात बसून शहरभर बोलत होती, इथं आवाज नाही. टेबलं रिकामी. इल्योर रोट्या उतरवू लागला. दगडासारख्या कडक झालेल्या. ही अमक्याची, ही तमकीची. पोतं भरत आलं.

ओपांची त्यानं शेवटी ठेवली होती.

हात लावला... आणि वास आला. तापल्या तेलाचा. ऑफिसात चूल नाही, स्वयंपाकघर नाही. वास मात्र नाकात बसला.

मागे दिवा लागला. हिरवा, बारका. ओपांच्या टेबलावरचा.

फोन आला की असा लागतो तो. इल्योरचा हात सवयीनंच पुढे झाला. हेडफोन कानाला लावला.

लोलाचा आवाज. तोच, गुळगुळीत.

"कसा आहेस?"

इल्योरनं हेडफोन कानाशी घट्ट दाबला.

"घरचे बरे? आईचे गुडघे? बायकोचे पाय सुजतात अजून?"

लोलाला हे आता यायला नको होतं. ओपांनी शिकवलेली ही विचारपूस वेळ जातो म्हणून साहेबानं काढून टाकायला लावली होती.

"...ओपा?"

"मी लोला. आपल्याला काय मदत करू?"

मग कुणीतरी श्वास घेतला. मशीन श्वास घेत नाही.

"रोटी नेतोस होय रे... मग परत आले तर मी खाऊ काय?"

खिशात मोबाइल थरथरला. साहेब. 'फोटो?'

ठेवायची होती ती रोटी. एवढी एक. पण समोर बायकोचा चेहरा आला, सकाळ आली. त्यानं ती खिळ्यावरून ओढली. पोत्यात कोंबली. फोटो काढला. पाठवला. पळाला.

खाली अकांनी पाहिलं ते एवढंच. इल्योर मागच्या दारानं आला. कचऱ्याच्या डब्यापाशी थांबला. पोतं आत टाकलं.

"अरे! काय करतोस हे!"

"चला अका."

"अरे पण त्या रोट्या..."

"चला ना!"

अकांनी गाडी घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी मालक आले, कोऱ्या भिंतीपुढे उभं राहून लोलाचं कौतुक करून गेले. तैमूर अकमलोविचनं पाठ थोपटली. "तुझी खुर्ची पक्की." संध्याकाळी इल्योर हलवा घेऊन अकांच्याच गाडीतून घरी परतला. रात्री वर काय झालं ते वाटेत सांगून टाकलं, जरा हसला पण.

आई अंगणात तंदुरापाशी होती. पीठ तिनंच मळलेलं, रोट्या तिनंच थापलेल्या. तिनं आत हात घातला आणि पहिली रोटी बाहेर काढली. वाफ निघत होती.

आई थांबली.

रोटीला चावा घेतलेला होता.

आईनं ती फिरवून पाहिली. बोटं भाजत होती, तरी सोडली नाही. पोरगा सैन्यात होता तेव्हा त्याची उष्टी रोटी वर्षभर तिच्या उशाशी टांगलेली होती. त्याच्या पुढच्या तिरक्या दाताची ती खूण तिला अंधारातही कळली असती.

तिनं वर पाहिलं. इल्योर दारातच उभा. बुटाची नाडीसुद्धा सोडली नव्हती.

"बाळा," ती म्हणाली, "तू कुठं निघालास?"