कॅलमला कड्यावर नेताना

कॅलमची राख दरीच्या पलीकडल्या टोकावरून उधळायची, एवढ्यासाठी तिघं त्या लाल वाळवंटात आली होती: कॅलमची बायको केरिन, त्यांची सहा वर्षांची मुलगी टिली आणि कॅलमचा बाप डेस. जागा कॅलमनेच सांगून ठेवली होती. छातीत दुखतंय म्हणाला तेव्हा बाप "काही होत नाही" म्हणाला, आणि दवाखाना लांबला. केरिन ते विसरली नव्हती.

निघायचं उजाडताच ठरलं होतं. पण डेसची पिशवी अजून गोठायची होती. वाइनच्या खोक्यातली चंदेरी पिशवी रिकामी झाली की तिच्यात पाणी भरायचं, गाडीतल्या फ्रीजमध्ये त्याचा दगड करायचा, पाठीवर टाकायचा आणि वितळेल तसं गार पाणी पीत चालायचं, ही त्याची जुनी युक्ती.

"ऊन चढेल, डेस."

"चढू दे. बर्फ असल्यावर कसलं ऊन? तू जन्मायच्या आधीपासून हिंडतोय मी इथे, पोरी."

केरिनने टिलीची कोमट पाण्याची बाटली तेवढी आपल्या सॅकमध्ये टाकली.

चढण संपून तिघं कड्यावर आली तेव्हा खालच्या तळ्यावरची सावली आटत चालली होती. पायवाटेच्या एका हाताला काटेरी गवताचे पिवळे गोळे, दुसऱ्या हाताला सरळ तुटलेला तांबडा दगड, आणि मध्ये नाकाडोळ्यांत शिरणाऱ्या माश्या. केरिन टिलीचं मनगट सोडत नव्हती.

"मम्मी, पॉपने चड्डीत शू केली," टिली आजोबांकडे बोट दाखवून खुदखुदली.

"घाम आहे तो, टवळे."

केरिनने त्याची सॅक उतरवून उघडली. बर्फाच्या धारदार कडेने पिशवीची शिवण उसवली होती. वितळलेलं सगळं पाणी पाठीवरून वाहून गेलं होतं. तळाशी मूठभर बर्फ उरला होता; तो तिने टिलीच्या तोंडात घातला.

"परत फिरायचं," ती म्हणाली.

"टोक समोर दिसतंय. माझ्या मुलाला मागे नेऊ?"

"त्याची मुलगी इथे उभी आहे."

"मग तुम्ही जा." राखेचा डबा काखेत मारून डेस पुढे निघाला. थोडाच गेला. मग गुडघ्यांवर आला, आणि तिथेच ओकला.

केरिन क्षणभर हलली नाही. मग गेली. टिलीच्या बाटलीतून तिने त्याला घोट घोट पाजलं, आणि प्रत्येक घोटानंतर बाटलीत किती उरलंय ते पाहिलं.

उतारावर टिली गप्प झाली. तहान लागली म्हणेना, माश्या हाकलेना. केरिनने गालाला हात लावला. कोरडा, तापलेला! तिने बाटली टिलीच्या तोंडात रिकामी केली. बाटली टिलीच्या तोंडात रिकामी केली. डेसचे पाय लटपटत होते. एका हाताने तिने त्याचा पट्टा धरला, दुसऱ्याने कठड्याची साखळी. तो मात्र दोन्ही हातांनी डबा कवटाळून होता.

"साखळी धरा, डेस."

"कॅलम पडेल."

तिने डबा हिसकावला. खडकाच्या कपारीत ढकलला. "आता धरा."

खाली टाकीचा नळ होता. टिलीने पहिला घोट ओकून टाकला, दुसरा पोटात राहिला, आणि ती रडायला लागली. ते रडणं ऐकून केरिन मातीत बसली.

गस्तीवरचा रेंजर गाडीतून उतरला. "काय झालं?"

"सुनेला ऊन सोसेना," डेस ओल्या टोपीआडून म्हणाला. "म्हणून परतलो."

रेंजरने केरिनकडे पाहिलं. "वर काही राहिलंय का? मी संध्याकाळी जाणार आहे."

डेसने टोपी खाली घेतली. तो तिच्याकडे बघत राहिला.

केरिनने टिलीच्या मानेवर पाणी ओतलं. "नाही," ती म्हणाली. "आमचं कुणी वर नाही."