कारभारी बंद का पडतो?

बाबांच्या डोक्याला साबण लागलेला असतानाच कारभारी पुन्हा बंद पडला.

कारभारी म्हणजे निकमांच्या घरचा संगणक. त्या काळात कराडात घरोघरी असे संगणक होते. माणसं मंगळावर राहायला गेली होती, त्यामुळे पृथ्वीवर उरलेल्यांना स्वतःच्या हातानं नळ सोडणं जरा कमीपणाचं वाटू लागलं होतं. म्हणून पाणी, दिवे, पंखे, दाराची कडी, एवढंच काय कुकरच्या शिट्ट्या मोजणं, ही सगळी जबाबदारी संगणकाकडे असे. तो चालू असेपर्यंत घर अगदी पुढारलेलं वाटायचं. तो बंद पडला की घरात एकाही माणसाला नळ कुठून उघडतात हे सांगता यायचं नाही.

"अगं, पाणी! डोळे झोंबताहेत!" बाबा आतून ओरडले. दिवाळीआधीची साफसफाई करून ते भर दुपारी अंघोळीला गेले होते.

"अहो, मी काय करू? कारभारी झोपलाय!" आईनं बाहेरून सांगितलं.

केतकी संगणकाच्या काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. शाळेसाठी ती सूर्यमालेचं हलतं चित्र करत होती. शनीची कडी नुकतीच फिरायला लागली होती, तेवढ्यात सगळं अंधारात गेलं. दसरा झाल्यापासून हे असंच चाललं होतं. रोज दुपारी कारभारी चालता चालता गप्प व्हायचा, आणि थोड्या वेळानं काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू व्हायचा.

"मला माहितेय कुणाचं काम आहे हे," आई म्हणाली. "भाऊसाहेब!"

भाऊसाहेब म्हणजे निकमांचा यंत्रमानव. ते आधी एका सरकारी कचेरीत होते. तिथून निवृत्त झाल्यावर बाबांनी त्यांना स्वस्तात घरी आणलं. ते झाडलोट करायचे, भांडी घासायचे, फक्त त्यांची कचेरीची भाषा काही सुटली नव्हती. दूध उतू गेलं तर ते शांतपणे म्हणायचे, "दूध पातेल्याची हद्द ओलांडून गेल्याचे निदर्शनास आले आहे."

"रोज दुपारी ते फडकं घेऊन या खोलीत येतात, आणि रोज दुपारीच कारभारी बंद पडतो," आई म्हणाली. "हा काय योगायोग आहे?"

"आणि मी पाहिलंय," केतकी म्हणाली. "ते कारभाऱ्याच्या वायरी ओढत होते."

केतकीनं असं काहीही पाहिलं नव्हतं. तिनं भाऊसाहेबांना नुसतं फडकं घेऊन उभं असलेलं पाहिलं होतं. पण शनीची कडी गेली होती, ती रागावली होती, आणि रागाला कुणीतरी समोर लागतं. वाक्य तोंडातून निघालं तेव्हा ते अगदी खरं वाटलं. निघून गेल्यावर मात्र तिनं पुन्हा काळ्या पडद्याकडे तोंड फिरवलं.

भाऊसाहेब दारात येऊन उभे राहिले.

"तुम्ही वायरी ओढल्या का?" आईनं विचारलं.

"तसे स्मरत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "तथापि, केतकीताईंनी पाहिले असल्यास ते खरे असावे. कचेरीतही काही बिघडले की ते माझ्याकडूनच झालेले असे. दोष मान्य आहे."

तोवर बाबा पंच्यानं डोकं पुसत बाहेर आले होते. उरलेला साबण आणि उरलेला राग, दोन्ही घेऊन त्यांनी भंगारगाडीला निरोप दिला. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. "मान्य आहे," भाऊसाहेब पुन्हा म्हणाले आणि ओटा पुसायला गेले. केतकीला वाटलं, निदान त्यांनी भांडायला तरी हवं होतं.

आजोबा इतका वेळ आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. डॉ. भास्कर निकम एके काळी नावाजलेले शास्त्रज्ञ होते. तापणाऱ्या यंत्रांना थंड कसं ठेवावं, यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, आणि पंख्याचा वेग किती ठेवायचा एवढं सोडून त्यांना कुणी काही विचारत नसे.

"भाऊसाहेब गेल्यावरही कारभारी बंद पडला, तर मग कुणाला पाठवणार?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं. "मला?"

"अण्णा, काहीतरीच काय!" आई म्हणाली.

"मग आधी तपासू या. केतके, इकडे ये. बिघाड शोधायचा एकच नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे काय झालं हे कधीच कळणार नाही. आधी भाऊसाहेबांना अंगणात बसव. बाकी काही हलवू नकोस."

भाऊसाहेब अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले. कारभारी सुरू झाला. केतकीनं पुन्हा सूर्यमाला उघडली. बुध फिरला, शुक्र फिरला, गुरूचे चंद्र फिरू लागले. आणि पडदा काळा झाला.

"बघितलंस?" आजोबा म्हणाले. "भाऊसाहेब अंगणात, तरी हा बंद. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नसतं. दुपारी पोस्टमनही येतो. म्हणून काय ऊन पोस्टमन घेऊन येतो?"

केतकीला हायसं वाटलं. पण ते फार टिकलं नाही.

"त्यांनी आधीच काहीतरी करून ठेवलं असेल," आई म्हणाली. "केतकीनं स्वतः पाहिलंय ना वायरी ओढताना."

"हो, ते राहिलंच," आजोबा म्हणाले. "कोणती वायर गं?"

"ती... निळी," केतकी म्हणाली.

आजोबांनी वाकून निळी वायर हलवून पाहिली. मग एकेक करून बाकीच्याही. सगळ्या घट्ट बसलेल्या होत्या. आजोबांनी केतकीकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"आता सांग, शनीची कडी फिरवताना कारभाऱ्याला काय करावं लागतं?"

"खूप आकडेमोड."

"बरोबर. ती करतो प्रोसेसर (संगणकाचा हिशेब करणारा मेंदू). त्याच्यात केसापेक्षाही बारीक वाटा असतात आणि त्यांतून वीज धावते. तळहात एकमेकांवर जोरात घास बरं."

केतकीनं घासले. हात गरम झाले.

"वीज अरुंद वाटेनं जाते तेव्हा साधारण असंच होतं. वाटेत अडथळा होतो आणि उष्णता तयार होते. काम जितकं जास्त, तितकी उष्णता जास्त, त्यात दुपारचा उकाडा. ती बाहेर गेली नाही तर मेंदू भाजून निघेल. म्हणून कारभाऱ्याच्या पोटात संवेदक (तापमान ओळखणारं छोटं उपकरण) असतो. तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो ओरडतो, 'थांबा!' आणि संगणक स्वतःला बंद करून घेतो."

"म्हणजे तो बिघडत नाही? मुद्दाम थांबतो?"

"जीव वाचवायला थांबतो. आपल्यात एवढं शहाणपण नसतं. लग्नात नवरदेव भर उन्हात सूट घालून, फेटा बांधून उभा असतो. घेरी येईपर्यंत हसत राहतो."

"पण हे सगळं खरंच उष्णतेमुळे होतंय, हे कशावरून?"

"शाब्बास! तेच पडताळायचं. आता एकच गोष्ट बदल. भाऊसाहेब अंगणातच. चित्र तेच. फक्त वारा वाढव."

बाबांनी माळ्यावरून जुना टेबलफॅन शोधून काढला. त्याला चक्क बटण होतं. ते दाबायचं असतं हे आजोबांनी दाखवल्यावर बाबा खूश झाले. कारभारी बसायचा भिंतीतल्या कोनाड्यात, पाठ भिंतीकडे करून. त्याला न हलवता पंखा त्याच्यावर सोडला. सूर्यमाला सुरू झाली. गुरू फिरला. शनीची कडी फिरली. वरुणही फिरून आला. कारभारी चालूच राहिला.

"उष्णताच," आजोबा म्हणाले. "आता खरा प्रश्न. त्याचा स्वतःचा पंखा आहे. तो वारा आत घेतो आणि गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. मग दसऱ्यापर्यंत पुरणारा वारा नंतर का पुरेना? केतके, तुझा हात बारीक आहे. टेबलफॅन बंद करून मागे हात घाल, आणि जाळीतून वारा येतोय का सांग."

केतकीनं हात घातला. वारा येत नव्हता. बोटांना काहीतरी वाळकं, कुरकुरीत लागलं. हात बाहेर काढला तर बोटं पिवळी झाली होती, आणि त्यांना हळदीचा वास येत होता.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यासाठी प्रोसेसरची गरज नव्हती.

दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा करायची, ही निकमांची पद्धत. पूर्वी विळी, गिरमिट आणि स्कूटर पूजत. आता कारभाऱ्याला पूजतात. यंदा पहिल्यांदाच पूजा एकट्या केतकीकडे होती. तिनं ती मन लावून केली. बोटभर हळदीकुंकू लावतात, तिनं मूठभर उधळलं. झेंडूची माळ पुढे घातली तर आई ती दुसऱ्या दिवशी निर्माल्यात टाकते, म्हणून तिनं ती मागच्या जाळीत घट्ट खोचली, कुणाला दिसू नये आणि कायम राहावी म्हणून. आणि धूळ बसू नये म्हणून वरच्या खाचांवर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल पसरला. तो अजून तिथेच होता. त्यावर मोर होता.

"काय आहे गं मागे?" आईनं विचारलं. "धूळच असणार. भाऊसाहेब कधी मागून पुसत नाहीत. एवढं साधं काम जमत नाही त्यांना."

केतकीनं पिवळी बोटं मुठीत लपवली. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. सकाळी गाडी आली असती, आणि कुणालाच काही कळलं नसतं. खिडकीतून अंगण दिसत होतं. डाळिंबाखाली भाऊसाहेब गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, बदलीच्या हुकुमाची वाट बघत असल्यासारखे.

"धूळ नाहीये," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा सांगावं लागलं. "धूळ नाहीये आई. माळ आहे. मी खोचली होती. आणि वायर कुणी ओढली नाही. मी पाहिलं नव्हतं. मी उगाच म्हणाले."

बाबा टेबलफॅनच्या बटणाकडे बघू लागले. आईनं पदराच्या टोकानं आधीच पुसलेलं टेबल पुसलं.

आजोबांनी कारभाऱ्याला बंद करून पुढे ओढलं आणि त्याचं मागचं झाकण उघडलं. वाळलेला झेंडू खाली पडला. आतल्या पंख्याच्या पात्यांवर हळदीकुंकवाचा जाड थर बसला होता. एका पाकळीनं पंख्याच्या मध्यभागी ठाण मांडलं होतं.

"मीही होतो तिथे," आजोबा हळूच म्हणाले. "तू खोचत होतीस तेव्हा माळेचं दुसरं टोक मी धरलं होतं. वर 'वा, काय सुंदर!' असंही म्हणालो. जन्मभर लोकांना सांगत आलो की यंत्राचा वारा अडवू नका. त्यावर मला एक पदकही मिळालंय."

"ते कुठंय?" बाबांनी विचारलं.

आजोबांनी रुमाल उचलला. त्याखाली, हवेच्या खाचांवरच, पदक ठेवलेलं होतं. "पूजेला ठेवलं होतं," ते म्हणाले, आणि त्यांचेही कान केतकीसारखेच लाल झाले.

मऊ ब्रशनं पंखा साफ झाला. कारभारी सुरू झाला तेव्हा जाळीतून गरम हवेचा झोत आला. बाबांनी कुणी न सांगताच भंगारगाडीला नको म्हणून कळवलं. आई डाळिंबाजवळ गेली, उभी राहिली, आणि "भाऊसाहेब, ऊन लागत नाही ना?" एवढंच विचारून परत आली.

मग केतकी गेली. बराच वेळ तिला वर बघवेना. ती भाऊसाहेबांच्या पायांशी बोलली.

"मी खोटं बोलले. तुम्ही काहीच केलं नव्हतं. मग तुम्ही मान्य कसं केलंत?"

"कुणीतरी मान्य केल्याशिवाय प्रकरण मिटत नाही, असा अनुभव आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"इथे नाही मिटवायचं तसं. इथे तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलून. मी तुम्हाला शिकवीन." ती थांबली. "आणि मी मोठी झाले ना, की असा संगणक करणार आहे, जो बंद पडण्याआधी सांगेल, 'मला गरम होतंय, मागे बघा.' म्हणजे मग कुणावर उगाच आळ येणार नाही."

"प्रस्ताव स्तुत्य आहे," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या आत काहीतरी घरघरलं. कदाचित तो त्यांचा पंखा असेल.

केतकीच्या बोटांना अजून हळद लागलेली होती. "तुमची पूजा कधी कुणी केलीच नाही," ती म्हणाली. "लावू?"

भाऊसाहेबांनी विचार केला. मग खाली वाकून त्यांनी कपाळ पुढे केलं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "मात्र, फक्त बोटभर. आणि जाळी सोडून."