ओंडक्यावरचं पिवळं जाळं

"जरा उठता का?" हातातली मोटरची करवत बंद करत त्याने विचारलं.

"नाही," लोवेना म्हणाली.

धबधब्याच्या वाटेवर आडव्या पडलेल्या झाडावर ती पाय सोडून बसली होती. टास्मानियातला जुलै, म्हणजे ऐन हिवाळा, झाडांवरून टपटपणारं पाणी... आणि समोर हा दाढीवाला, भिजलेला, गोंधळलेला माणूस.

"वाट मोकळी करायचीय. का नाही?"

"इथे कोणीतरी राहतं."

तिने गळ्यातलं भिंग त्याला दिलं. तो वाकला. शेवाळातून बारीक शिरांचं पिवळंधमक जाळं पसरलं होतं. ओलं, चमकणारं.

"शेंबूड आहे हा," तो म्हणाला.

"स्लाइम मोल्ड म्हणतात, बुरशीसारखा जीव. काल तो त्या फांदीपाशी होता. चालत आलाय."

"शेंबूड... चालत आला?"

"तुम्ही हसताय."

"नाही. म्हणजे... थोडासा." त्याने पुन्हा भिंगातून पाहिलं, या वेळी जरा जास्तच वेळ. "किती दिवस हवेत याला?"

"चार. फार तर."

त्याने तिच्यासमोरच ऑफिसला फोन लावला. "फर्गस बोलतोय. धबधब्याची वाट सोमवारी मोकळी होईल. आधी वरची पडलेली झाडं काढतो." फोन खिशात टाकून तो म्हणाला, "शेंबडासाठी काम थांबवलं हे कोणाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी वरचं काम आटोपून तो आला, थर्मासमध्ये चहा घेऊन. तिसऱ्या दिवशी शिंपल्यांचं सारण भरलेले गरम पफ आणले, दोन.

"दुसरा कोणासाठी?" तिने विचारलं.

"यालाच आणला होता," त्याने ओंडक्याकडे बोट दाखवलं. "पण तूच खा... चालेल ना, तू म्हटलेलं?"

"चालेल." तिला उगाचच हसू आलं.

मग तो एकदम गंभीर झाला. "हलू नकोस." त्याचा हात तिच्या मानेकडे आला. तिने डोळे मिटले— आणि त्याने हलकेच एक जळू सोडवून शेवाळात टाकली. बोटं मात्र क्षणभर तिथेच राहिली.

"जंगलात तुझी ओळख बुळबुळीत लोकांशीच दिसते," तो पुटपुटला.

"तुझ्याशीही झालीच की."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "रोज का येतेस गं एवढ्या थंडीत?"

लोवेना कपाची कड बोटाने पुसत राहिली. "आई गेली. त्यानंतर आठ महिने मी घराबाहेर पडलेच नव्हते. एकदा मागच्या अंगणात हे पिवळं दिसलं. दुसऱ्या दिवशी ते हातभर सरकलेलं... मग उद्या कुठे जाईल ते बघावंसं वाटलं. खूप महिन्यांनी मला 'उद्या' हवा होता, फर्गस."

तो नुसता तिच्या शेजारी सरकून बसला. तिला तेच हवं होतं.

चौथ्या दिवशी, सोमवारी, जाळं नव्हतंच. त्या जागी मोहरीहून बारीक, निळसर झाक असलेले शेकडो मणी उभे होते, प्रत्येक केसाएवढ्या देठावर. दोघं डोक्याला डोकं लावून किती वेळ पाहत होती कोण जाणे. मणी फुटून धूळ वाऱ्यावर गेली, तेव्हा लोवेना स्वतःच उठली. "काप आता."

संध्याकाळपर्यंत वाट मोकळी झाली. त्याला इथे यायचं काही कारण उरलं नाही... हा विचार तिला रात्रभर टोचत राहिला.

मंगळवारी सकाळी वाटेच्या तोंडाशी असलेल्या तिच्या घराच्या दारावर थाप पडली. फर्गस. करवत नव्हती, दाढी विंचरलेली होती.

"माझ्या घरामागे काहीतरी गुलाबी उगवलंय," तो म्हणाला. "बघायला येशील?"

"केवढं आहे?"

"लोवेना... तिथे काही नसेलही." त्याचे कान लाल झाले. "मला तू हवी आहेस. रोज."

तिने खुंटीवरचा रेनकोट काढला आणि एक बाही घालता घालता थांबली.

"त्या दिवशी तू करवत बंद केलीस," ती म्हणाली. "त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते."

"मग मान."

तिने टाचा उंचावून, ओठांनी मानले.