कॉर्ड लाइनची सुपारी

वरात पाटसच्या वेशीत अडकली होती आणि वरातीमागं हन्नाची स्कूटी.

ज्येष्ठातली शेवटची तिथी. पुढं चार महिने लग्न नाही, म्हणून नवरदेवाचे मित्र सगळ्या वर्षाचं नाचून घेत होते. हॉर्न दाबून दाबून हन्नाचा अंगठा दुखायला लागला. आधीच ती वैतागलेली. यवतच्या एका ट्रम्पेटवाल्याला भेटून येत होती आणि त्या बाबानं "बघू, कळवतो" म्हणून वाटेला लावलं होतं. आता "बघू, कळवतो" म्हणजे काय, हे बँडमध्ये दोन वर्षं काढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

आणि तेवढ्यात तो सूर आला.

गाणं तेच, कुठल्याही वरातीत वाजतं ते. पण लाल कोटातल्या सहा जणांपैकी एकाचं ट्रम्पेट ओळीच्या शेवटी सरळ थांबतच नव्हतं. सूर जरा खाली घसरायचा, रेंगाळायचा, आणि जायची इच्छा नसताना घरी परतावं तसा हळूच जागेवर यायचा. हन्नानं स्कूटी स्टँडला लावली आणि नाचणाऱ्या पोरांच्या कोपरांतून वाट काढत थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"हे शेवटी काय करता तुम्ही?"

त्यानं ट्रम्पेट ओठावरून काढलं. उंच, सावळा, घामानं भिजलेला. "काय करतो?"

"तो सूर वाकवता तो. कुणी शिकवलं?"

"मॅडम, तुम्ही नवरीकडच्या का नवऱ्याकडच्या?"

"मी ट्रॅफिककडची."

तो हसला... आणि हन्नाला उगाचच वाटलं, वरात अजून दहा मिनिटं अडकायला हरकत नाही.

"आमच्यात त्याला मुरड म्हणतात," तो म्हणाला. "आता बाजूला व्हा, न्हाईतर नवरदेवाचा मामा मलाच मुरडंल."

नाव रविराज. शिरूरच्या हौसराव बँडवाल्यांचा मुलगा. एवढं आणि फोन नंबर ढोलवाल्याकडून काढून घेऊनच ती हलली. चौकशा करण्यात हन्नाचा हात धरणारं दौंडात कुणी नव्हतं.

तिच्या बँडची गोष्टही ऐकण्यासारखी आहे बरं का. दौंडला एक स्टेशन आहे, त्याचं नाव कॉर्ड लाइन. गिटारवाले बोटांनी तारांवर जे धरतात त्यालाही कॉर्डच म्हणतात. मग काय, हन्नाचा मावसभाऊ योहान सणसवाडीच्या कारखान्यात फिटर, हातात गिटार, डोक्यात खूळ. त्यानं सोल बँड काढला आणि नाव ठेवलं 'कॉर्ड लाइन'. सोल म्हणजे काय, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "चर्चमधलं गाणं रस्त्यावर आलं आणि प्रेमात पडलं, की त्याला सोल म्हणतात." ऐकणारा मान डोलवायचा आणि विचारायचा, "मग हळदीला वाजवता का?"

गाणारी हन्ना, गिटारवर योहान. एवढे दोघं पक्के, बाकी सगळी धर्मशाळा. बेसवर पाटसचा विक्रम होता, पण त्याच्या घरी ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की बेस बंद. ड्रमवरचा नोएल शिफ्ट बदलली की गायब. आणि ट्रम्पेटवाले? दोन वर्षांत चार झाले. सगळे लग्नाच्या बँडातले, लग्नसराई आली की पाखरासारखे भुर्र! म्हणजे अख्खा बँड एका खोलीत दिसायचा तो फक्त चातुर्मासात. "माणसं बदलतात, गाणी राहतात," योहान म्हणायचा. हन्नालाही ते पटायचं. एक गेला की ती पुढच्याचा नंबर शोधायची.

रविराज पाचवा.

आषाढापासून दर रविवारी तो शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडला यायचा. रेल्वे कॉलनीत चर्चच्या मागच्या खोलीत तालीम. पत्र्यावर पाऊस, खिडकीत ओल्या कडुनिंबाचा वास, आणि हा रेनकोट झटकत दारात उभा.

"एवढ्या लांबून कशाला येता हो?" हन्ना विचारायची.

"गाडीचं ॲव्हरेज बघायला."

पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. "दौंडात भेळ बरी मिळते."

त्याच्या पुढच्या रविवारी... "तुम्हाला दुसरा प्रश्न येत न्हाई का?"

"येतो की. तुम्ही डोळे मिटून का वाजवता?"

"उघडे ठेवले तर समोर तुम्ही असता. ताल चुकतो."

योहाननं गिटारच्या तारा पिळता पिळता खोकल्यासारखं केलं. हन्नानं पुढचं कडवं चुकीच्या पट्टीत उचललं, आणि चूक पट्टीची नाही, नोएलची आहे, असं ठासून सांगितलं.

एकदा तालीम संपल्यावर त्यानं ती मुरडही सांगितली. दोघं खोलीच्या पायरीवर बसले होते, पाऊस नुकताच उघडला होता.

"वरातीत सगळे नाचतात. पण पाठवणीला बँड बंद करत्यात. तवा मी कोट काढून कोपऱ्यात बसायचो, लहान होतो. नवरी गाडीत बसते आन् तिची आई हाक मारते... नाव नीट पुरं निघतच न्हाई तिच्या तोंडातून. मध्येच वाकतं. ते मी ट्रम्पेटवर काढायला बघायचो."

हन्नाजवळ विचारायला काही उरलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. याला सोल कुणी शिकवायची गरजच नव्हती, एवढं तिला कळलं. आणि आपण या माणसाला जीव लावून बसलोय, तेही कळलं. ते मात्र तिनं योहानला सांगितलं नाही.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं. आणि माणसांची लग्नं सुरू झाली.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी रेल्वेच्या मैदानावर 'कॉर्ड लाइन'चा पहिला जाहीर कार्यक्रम. विक्रमनं ऊसतोड चार दिवस पुढं ढकलली, नोएलनं रजा काढली. आणि मंगळवारी रविराजचा मेसेज आला: 'शनिवारी सुपारी आहे. दाट लग्नतिथी. माफ करा.'

"सुपारी म्हणजे?" हन्नानं विचारलं.

"म्हणजे त्यांचं बुकिंग," योहान म्हणाला. "ज्यानं सुपारी दिली त्याचं वाजवायचं. घेतलेली सुपारी बँडवाला मोडत नाही, त्याची अब्रू असते ती. जाऊ दे, यवतचा तो माणूस आता हो म्हणतोय. माणसं बदलतात—"

"आपण कधी दिली त्याला सुपारी?"

"आपण? आपण भेळ देतो."

हन्ना रात्रभर तळमळली. चार जण गेले तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. पाचवा गेला तर गाणं राहील, पण ते गावंसं वाटणार नाही. आणि एकदा त्याच्या जागी दुसरा उभा राहिला, की रविवारी शिरूरहून यायला कारणच काय उरतं? सकाळी तिनं, शिकवायची त्या शाळेत रजा टाकली, एस.टी. पकडली आणि चौफुल्याला गाडी बदलून शिरूर गाठलं.

स्टँडजवळच्या पूजेच्या सामानाच्या दुकानात तिनं विचारलं, "काका, सुपारी द्यायचीय. काय काय न्यावं लागतं?"

"मुलीकडून का मुलाकडून?"

हन्नानं क्षणभर विचार केला. देणारी तर मीच. "मुलीकडून."

दुकानदारानं नारळ, पाच सुपाऱ्या, हळकुंडं, टॉवेल-टोपी आणि पेढ्यांचा पुडा असं सगळं साग्रसंगीत बांधून दिलं. टॉवेल-टोपी बघून हन्नाला बरं वाटलं. कलाकाराचा मान ठेवतात हो इकडं!

हौसरावांच्या ओसरीत दोरीवर लाल कोट वाळत होते. हौसराव बशीत चहा ओतत होते, रविराजची आई ताईबाई पानाचा डबा उघडून बसल्या होत्या. हन्नानं पिशवी पुढं ठेवली आणि सगळं ओळीनं मांडलं.

"नमस्कार. मी हन्ना, दौंडहून आले. रविराजची सुपारी द्यायला."

हौसरावांची बशी कलंडली. "कुणाची?"

"रविराजची."

"आन् पोरगी कोण?"

"मुलगी मी एकटीच. बाकी सगळे पुरुष आहेत."

"बाकी... सगळे?"

"आत्ता तिघं आहेत. आधी पुष्कळ होते, पण टिकत नाहीत हो. रविराज पाचवा."

"अगं बया!" ताईबाईंनी तोंडावर पदर घेतला. "आन् आधीचे चार?"

"गेले. एक लग्न झालं म्हणून गेला, एक दुबईला. मी कुणाला अडवलं नाही." हन्नाचा आवाज जरा वाकला. "पण रविराज गेला तर मी दुसरा शोधणार नाही. तोच पाहिजे. म्हणून रीतसर आले. तुम्ही घेतलेली सुपारी मोडत नाही म्हणे."

आतल्या दारात काहीतरी ठणकन पडलं. रविराज उभा होता, हात कोपरापर्यंत चिंचेनं बरबटलेले; ट्रम्पेटचं पितळ घासत होता, ते आता पायाशी पडलं होतं.

"आप्पा," तो कसाबसा म्हणाला, "ती बँडचं बोलतीया. दौंडच्या बँडचं."

"व्हय? मग ही टॉवेल-टोपी?" हौसरावांनी हन्नाकडं पाहिलं. "पोरी, वाजवायची सुपारी वेगळी असती. ही लग्नाची हाय. पोरगी द्यायची."

हन्नाचे कान तापले. जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं तिला. टॉवेल-टोपी गोळा करायला ती खाली वाकली.

"चुकून आणलं?" रविराजनं विचारलं. इतक्या हळू, की त्यातही मुरड होती.

हन्नाचा हात थांबला. सहा महिने हाच प्रश्न आडून आडून विचारत होती ना ती, वेगवेगळ्या रविवारी? आता त्यानं विचारला होता.

"आणलं चुकून," ती म्हणाली. "बोलले ते चुकून नाही."

मग हौसरावांनी घसा खाकरला, पाचातली एक सुपारी उचलली आणि खिशात टाकली. "ही वाजवायची. शनिवारी ह्यो दौंडात. लग्नात मी धरतो ट्रम्पेट."

"तुमी?" ताईबाई उसळल्या. "कवळी बसवलीया, फुंकर न्हाई टिकायची!"

"वऱ्हाडाला काय कळतंय? नाचत्यात ते." मग हन्नाकडं वळून, "मिशनमधली का तू?"

"हो."

"माझा आज्या मिशनच्या कंपाउंडातच फुंकायला शिकला. तवा आमचं खाणंच तुमच्याकडून आलंय म्हण की. घरी ठाऊक हाय?"

"अजून नाही. बाबा रेल्वेत होते. रागावतील, पण... ऐकतील."

"मग रविवारी आमीच येतो रागावून घ्यायला. ह्या चार तवर इथं राहू देत. आमच्यात सुपारी फुटल्याबगर ठरलं म्हणत न्हाईत."

ताईबाईंनी डब्यातला अडकित्ता काढला आणि लेकाच्या हातात दिला.

"अगं, तिच्या घरचं कोणी—" हौसराव म्हणेपर्यंत रविराज हन्नासमोर उकिडवा बसला होता. चिंचेच्या हातानं त्यानं एक सुपारी अडकित्त्यात धरली आणि वर पाहिलं. डोळे उघडे ठेवून.

"फोडू?"

दौंडातल्या सगळ्यात चौकस पोरीनं एकही प्रश्न विचारला नाही. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्ही आवरायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

"फोड," ती म्हणाली.

कट्टकन आवाज झाला. अर्धी सुपारी उडून कॉटखाली गेली आणि ती शोधायला हौसराव स्वतः वाकले.