खारट चहा

"हाल्याला उद्याच्या प्रयोगातून काढलंय, ताई. त्यानं काही केलेलं नाही. खरं कुणी केलं, तेवढं शोधून द्या."

वरोरहून डहाणूपर्यंत सायकल मारत आलेला जीवन धापा टाकत होता. खाजगी तपासनीस दीप्ती सावे हिनं त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. तिचे मदतनीस, निवृत्त पोस्टमास्तर गोपीनाथकाका, कान देऊन ऐकू लागले.

२०१७ चा मार्च होता. जीवन वरोरच्या हौशी नाटकमंडळीत दिवे सांभाळायचा. मंडळीकडे उजेड कमी-जास्त करणारा विजेचा डिमर नव्हता. मातीच्या उभ्या नळीत मिठाचं पाणी आणि त्यात सोडलेली तांब्याची पट्टी. पट्टी खाली जाईल तसा दिवा उजळायचा.

"शेवटच्या प्रवेशात समुद्रात हरवलेल्या मुलाचा बाप अंधारातून पुढे येतो, हाल्याचा ढोल वाजतो आणि प्रकाश वाढत जातो. काल तालमीत तो वाढलाच नाही. दुपारी मी मिठाचं पाणी भरून जेवायला गेलो होतो. मागे कुणीतरी ते बदललं."

"हाल्यावरच संशय का?"

"विहिरीवरून सगळं पाणी तोच आणतो. त्यात परवा ताल चुकला म्हणून आमचे दिग्दर्शक सुनिलभाऊ त्याला बोलले होते. सूड घेतला म्हणतात."

तासाभरात तिघं वरोरच्या हॉलवर पोचले. दीप्तीनं आधी वीज बंद करायला लावली. मग नळीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"अगं, काय चाटतेस!" गोपीनाथकाका ओरडले.

ती मागच्या दाराकडे निघाली.

मागच्या दारी हाल्या ढोलाचं कातडं उन्हाला लावून बसला होता. दिवसभर मजुरी आणि उरलेला वेळ मंडळीत, असा त्याचा शिरस्ता.

"मी नाय केलं," तो म्हणाला. "काल दुपारीपण हितंच ढोल तापवत होतो. चहा घ्या."

गोपीनाथकाकांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखरेऐवजी मीठ घातलंस काय रे?"

"हितली विहीरच खारी, काका. दुसरं पाणी कुठनं आणू?"

"माझ्या डब्यातलं घ्या," आतून आवाज आला. संगिताबाई डहाणूच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि नाटकात त्या बापाच्या मुलीचं काम करायच्या. सुनिलच्या घशासाठी त्या रोज घरून स्टीलच्या डब्यात पाणी आणायच्या.

"काल दुपारी आत कोण होतं?" दीप्तीनं विचारलं.

"मीच. कपड्यांना इस्त्री करत होते. पण हाल्या असलं करणार नाही. मीठच ओलं असेल."

तेवढ्यात सुनिल आला. वाणगाव स्टेशनवर तिकीट खिडकीवर काम करायचा. बापाची भूमिका आणि दिग्दर्शन त्याचंच.

"मॅडम, मी काल चारला ड्यूटीवरून आलो तो थेट तालमीत उभा राहिलो. काही धड नव्हतं बघा! बाईंचा डबा रिकामा, त्यामुळे चहा खारट. त्यात परवापासून 'शेवटच्या प्रवेशात मी तुमचा हात धरते' म्हणून बाईंचा हट्ट. मी परवाच म्हटलं, बाप एकटा येतो. आणि वर दिवा उजळलाच नाही! चला, ती विहीर दाखवतो."

तो तरातरा अंधाऱ्या हॉलमधून व्हरांड्याच्या लख्ख उन्हात आला.

"पायरी, सुनिलभाऊ," संगिताबाई हलकेच म्हणाल्या. तो थबकला आणि पायानं चाचपत उतरला.

दीप्तीनं सगळ्यांना परत आत बोलावलं.

"नळीतलं पाणी गोड आहे. हाल्यानं भरलं असतं तर विहिरीचं, खारं असतं. इथं गोड पाणी एकाच डब्यात येतं, आणि काल तालमीआधीच तो रिकामा होता. खाऱ्या पाण्यानं दिवा थोडा तरी उजळला असता, गोड्यानं नाही. हे विज्ञानाच्या बाईंना माहीत होतं."

"संगिताबाई?" जीवन उडालाच. "पण का?"

"सुनिलभाऊ अंधारात बिनधास्त चालतात आणि उन्हात पायरी चुकतात. डोळ्यात मोतीबिंदू आहे ना? झगझगीत उजेडात समोरचं पुसलं जातं. शेवटच्या प्रवेशात ते भर प्रकाशात रंगमंचाच्या कडेकडे चालत येतात. बाईंनी हात पुढे केला, तो यांनी नाकारला. मग प्रकाशच कमी करणं उरलं."

संगिताबाईंचे डोळे भरले. "परवा तालमीत यांचा पाय निम्मा कडेबाहेर होता. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती यांनी. हाल्यावर जाईल असं वाटलं नव्हतं. आज सांगणारच होते, जीभ रेटली नाही."

सुनिल रंगमंचाच्या पायरीवर टेकला. म्हणाला, "ऑपरेशन सांगितलंय डॉक्टरांनी. पण नाटकातून काढून घरी बसवाल अशी भीती वाटली मला. आणि काल मी हाल्याला नाही नाही ते बोललो. आता उद्या कुठल्या तोंडानं उभा राहू?"

"तोंडाचं सोडा, पायाचं बघू," हाल्या म्हणाला. त्यानं ढोल उचलला आणि रंगमंचाच्या कडेशी जाऊन बसला. "मी हितं बसून वाजवीन. ढोलाकडे चालत या. थांबलो की थांबा."

"ताल चुकलास तर?" सुनिलनं विचारलं.

"तर खाली भेटू."

संगिताबाई रडता रडता हसल्या. "आणि प्रयोग झाला की सरळ दवाखाना. मी सोबत येते."

"सुनिलभाऊ, आता तरी बाईंना हात धरू द्या," जीवन म्हणाला. नळी रिकामी करून त्यानं मिठाचं पाणी भरलं. वीज सुरू केली. पट्टी खाली उतरू लागली.

हाल्याचा ढोल घुमू लागला आणि उजेड चढत गेला. सुनिलनं हात नको म्हणून मान हलवली, डोळे मिटले आणि तो एकटा, ढोलाकडे चालत निघाला. लख्ख प्रकाशात ढोल थांबला. पाऊलही थांबलं, कडेच्या अलीकडे.

गोपीनाथकाकांनी हातातला खारट चहा संपवला आणि कप पुढे केला. "हाल्या, अजून आहे का रे?"