कोरी बाटली

वृषालीच्या वांग्यांच्या वाफ्यात एक माणूस पालथा पडून माती हुंगत होता.

पौषातली सकाळ होती, पानांवरचं दव अजून सुटलं नव्हतं. वृषाली खुरपं हातात घेऊन बांधावरच थबकली. आधी तिला वाटलं, बेवडा असेल. वांकिडीच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या वावरांत असे एक-दोन सापडतातच. पण ह्याचा सदरा इस्त्रीचा होता, आणि मूठभर माती नाकाशी धरून, डोळे मिटून तो असा श्वास घेत होता, की जणू कोणी ताटात गरम भात वाढलाय.

“कोन हाय हो तुमी?”

तो दचकून उठून बसला. नाकाच्या शेंड्याला माती. डोळे मात्र... बरे होते. वृषालीनं ते पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

“प्रितम.”

“मी नाव इचारलं, गानं नाही.”

“नावच हाय जी,” तो हसला. “माय-बापानं ठेवलं. माहा त्यात काही गुन्हा नाही.”

मग त्यानं सांगितलं, की तो मूळचा आदिलाबादचा, नोकरीला हैदराबादच्या एका कंपनीत. जमिनीत मुरलेली घाण शोधायची आणि माती-पाणी पुन्हा साफ करून द्यायचं, हे त्याचं काम. आणि इथं त्याला बोलावलं कोणी, तर शेजारच्या पेट्रोल पंपाच्या शेठनं. एवढं ऐकलं आणि वृषालीच्या मनात जे काही उमलू पाहत होतं, ते तिथल्या तिथे मिटलं.

कारण सगळं दुखणं त्या पंपापाशीच होतं. वर्षभरापासून तिच्या बापाच्या, पंढरीच्या, विहिरीला रॉकेलसारखा वास येत होता. पंपाची जमिनीखालची टाकी गळते, असं गाव म्हणे. टाकी ठणठणीत आहे, असं शेठ म्हणे. बाजारात बायका वृषालीसमोरचं वांगं उचलून नाकाशी नेत आणि हळूच परत ठेवत. शेवटी तेलकंपनीच्या वरच्या ऑफिसातून शेठला हुकूम आला, की जाणकार आणून पाणी तपासून घे. खोट निघाली तर विहीर साफ करून दे, नाही निघाली तर विषय संपला. म्हणजे ज्यानं दुखणं लावलं, त्यानंच वैद्य धाडलेला. सगळं घर त्या विहिरीवर जगत होतं, आणि ती विहीर आता ह्या गोड नावाच्या माणसाच्या हातात होती.

वृषालीनं ठरवलं, ह्याच्यावरची नजर काढायची नाही.

एखाद्यावर सारखी नजर ठेवली, की चोरी तर सापडतेच, पण माणूसही सापडतो. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. प्रितमनं वावराच्या कडेनं बारीक बारीक बोअर मारून घेतले. तो काम करताना गुणगुणतो, चहा बशीत ओतून पितो, आवडलेली भाकर तिच्या आईकडे, रुख्मिणीबाईंकडे, बिनदिक्कत पुन्हा मागतो, हे वृषालीला आठवड्याभरात पाठ झालं. कप देताना बोटाला बोट लागलं तर तोच आधी हात मागे घेतो, हेही. चोर इतका लाजाळू नसतो, असं तिचं एक मन म्हणे. लाजाळू चोर जास्त घातकी, असं दुसरं.

नमुने घ्यायच्या दिवशी तिनं शेवंती आणि मरव्याचा गजरा माळला. आज काय सण आहे, असं आईनं विचारलं. त्याचं उत्तर तिनं आईला दिलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

प्रितमनं हातमोजे चढवले होते. बर्फ भरलेलं खोकं बांधावर होतं, त्यात चिमुकल्या काचेच्या बाटल्या. वर न पाहताच तो म्हणाला, “तुमी जरा वाऱ्याच्या त्या बाजूनं उभ्या राहा.”

“काऊन? वावर आमचं हाय.”

“तुमच्या गजऱ्याचा वास बाटलीत उतरला तर लॅबवाले मले इचारतीन, वांकिडीच्या जमिनीत मरवा निंगते काय म्हून. मी तर आज साबनबी नाही लावला.”

तिला हसू आलं. हसू आलं म्हणून राग आला, आणि त्या रागातच ती पलीकडे जाऊन उभी राहिली.

पण तिथूनही सगळं दिसत होतं. त्यानं बोअरमधलं पाणी उपसायला घेतलं आणि ते बाटलीत न भरता एका पिंपात सोडत राहिला. वृषालीच्या कपाळावर आठी चढली. वासाचं पाणी टाकून द्यायचं आणि मागून येणारं भरायचं, हा कुठला न्याय, असं तिनं विचारलंच. तो चिडला नाही. पाइपात साचून राहिलेलं पाणी शिळं असतं, ते जमिनीचं खरं सांगत नाही; ते उपसलं की मातीतून ताजं झिरपतं, तेच घ्यायचं, असं त्यानं समजावलं. मग बाटली काठोकाठ भरली, झाकण लावलं, उलटी केली आणि नखानं टिचकी मारली.

“एक बुडबुडा जरी राह्यला ना, तरी वास त्यात पळून जाते,” तो म्हणाला. बाटली त्यानं उन्हात धरली आणि तिच्या आडून वृषालीकडे पाहिलं... बुडबुडा शोधायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ.

तिला पटलं. म्हणजे जवळजवळ पटलं.

विहिरीच्या पाण्याचीही बाटली त्यानं तशीच भरली. आणि तेवढ्यात ती गोष्ट घडली. प्रितम गाडीपाशी गेला, पाठ फिरवली, एका पांढऱ्या कॅनचं सील तोडलं आणि त्यातलं नितळ पाणी एका चिमुकल्या बाटलीत भरलं. तिच्यावर बाकीच्यांसारखाच नंबर चिकटवला आणि ती बाकीच्यांतच ठेवून दिली. त्यावर एक शब्द बोलला नाही.

वृषालीनं ते सगळं पाहिलं. तिच्या विहिरीच्या नावानं हे विकतचं पाणी जाणार, आता तिला शंका उरली नाही. शेठचा तिला नवा राग येण्यासारखं काही नव्हतं. राग आला तो त्या डोळ्यांचा, आणि त्यांच्यासाठी माळलेल्या गजऱ्याचा.

पंढरीनं चहाला हाक मारली, तसा प्रितम ओसरीकडे गेला. कुंपणच शेत खात असेल तर राखणदारानं का झोपावं? वृषालीनं खोकं उघडलं, ती बाटली काढली, नितळ पाणी वाफ्यात ओतलं आणि विहिरीतून पोहरा शेंदून बाटली भरली. काठोकाठ. उलटी केली, नखानं टिचकी मारली. एकही बुडबुडा नव्हता. त्यानंच शिकवलेलं त्याच्यावर उलटवलं, ह्याचा तिला आनंद व्हायला हवा होता; दुपारी ताट मात्र तिनं तसंच बाजूला सारलं.

निकाल आला तेव्हा पंचायतीच्या ओट्यापाशी सगळ्यांना बोलावलं गेलं. हैदराबादहून तपासणीचे साहेब आले होते. पंपाचा मॅनेजर खुशीत होता. प्रितम एका खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता.

साहेबांनी हिंदीत सांगितलं, की ही तपासणी रद्द. विहिरीच्या पाण्यात डिझेल निघालंय खरं, पण त्या निकालाला अर्थ नाही. ही माणसं दर वेळी आपलं स्वतःचं शुद्ध पाणी आणतात आणि कामाच्या जागीच एका बाटलीत भरून बाकीच्यांसोबत पाठवतात. तिला म्हणतात कोरी बाटली. ती स्वच्छच निघाली पाहिजे. ती स्वच्छ निघाली, तर बाकीच्यांतली घाण जमिनीचीच. पण ह्या वेळी कोऱ्या बाटलीतही डिझेल निघालंय. मग घाण ह्यांच्या हातांची की खोक्याची, काय सांगणार? कंपनी ह्या मुलाला कामावरून काढणार होती, आणि पुढचा माणूस शेठच्या पसंतीचा येणार होता.

ज्या हातानं वृषाली विहीर वाचवायला गेली, त्याच हातानं तिनं ती बुडवली होती. आणि सोबत ह्यालाही.

माणसं आपसात बोलत होती, तेवढ्यात ती खांबापाशी गेली. प्रितमनंच खिशातून काहीतरी काढलं आणि तळहातावर धरलं. मरव्याची एक वाळकी काडी.

“खोकं वापस आलं, तवा कोपऱ्यात सापडली,” तो हळूच म्हणाला. “लॅबमंदी मरवा उगवत नाही.”

“मंग सांगतलं काऊन नाही?”

“सांगतलं असतं, तर शेठ म्हनला असता, पाहा, पानी शेतकऱ्यानंच नासवलं. तुमची विहीर गेली असती. मले काय, नोकरी दुसरी भेटीन.” तो थांबला. “पन एक सांगा... मले सरळ काऊन नाही इचारलं? बाकी तर सारंच इचारत होत्या.”

वृषालीचे डोळे भरून आले. “भेव वाटलं,” ती म्हणाली. “तुमी खरंच चोर निंगाल म्हून.”

तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, “आमी पयला संशय सोतावरच घेतो, वृषालीबाई. म्हून तर कोरी बाटली.”

तिनं पदर खोचला आणि ओट्यावर चढली. पंढरी नको नको म्हणून खुणावत होता; तिनं बापाकडे पाहिलंच नाही. बाटली आपण बदलली, कशी बदलली, काय समजून बदलली, ते तिनं सगळं सांगून टाकलं. ओट्यावर कुजबुज उठली. मॅनेजर लगेच म्हणाला, की बघा, आता तर बाकीच्या बाटल्यांचाही भरवसा नाही.

“नाहीच,” वृषाली म्हणाली. “सगळ्या फेका. साऱ्या गावादेखत पुन्यांदा भरा. अन् कोरी बाटली ह्या मॅनेजर साहेबानं आपल्या हातानं भरावं, खोक्याले कुलूप लावावं, किल्ली आपल्या खिशात ठेवावं. मंग तं भरवसा राहीन?”

मॅनेजरनं शेठला फोन लावायला मोबाइल काढला, पण साहेबांनी मान डोलावली होती. आता नाही म्हणणं म्हणजे कबूल करणंच झालं असतं.

दुसऱ्या खेपेला मॅनेजरनंच कोरी बाटली भरली आणि कुलूप लावलं. वृषाली बिनगजऱ्याची, नुसत्या पाण्यानं न्हालेली, सांगण्याआधीच वाऱ्याच्या त्या बाजूला उभी होती. निकाल आला. कोरी बाटली कोरी निघाली, विहिरीच्या बाटलीत डिझेल निघालं. शेठला टाकी उकरावी लागली, तिच्या बुडाशी भेग सापडली. मग पाणी उपसून कोळशातून गाळायचं यंत्र वावराच्या कडेला घरघरू लागलं.

प्रितमची नोकरी राहिली. तो मात्र हैदराबादला गेला तो गेलाच. यंत्र बसवायला दुसरेच आले. कामापुरता गोड, असं वृषालीनं मनाशी पक्कं केलं. तरी मोटारसायकल वाजली की खुरपं थांबायचंच.

फाल्गुन सरता सरता एका दुपारी अवकाळी शिंतोडे पडून गेले. मातीचा वास उठला, नुसत्या मातीचा, आणि बांधावरून तो चालत आला. वृषालीच्या केसांत मरवा होता. ती सवयीनं उठली आणि वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. किती दिवसांत साफ होईल विहीर, असं तिनं तुटकपणे विचारलं.

“चार-पाच वर्सं तरी लागतीन,” तो म्हणाला. “कंपनीत भांडून हे काम मीच मागून घेतलं. त्यातच महिना गेला. आता इथंच ऱ्हानार.”

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. हातमोजे नव्हते, खोकं नव्हतं.

“बाटल्या कुठं हाय?”

“नाही आनल्या.”

“मंग आज आले कशाले?” तिच्या आवाजात जुना संशय होता. निदान ठेवायचा तिचा प्रयत्न होता.

प्रितम कानापर्यंत लाल झाला. त्याच्या सदऱ्याला साबणाचा घमघमाट येत होता, वाऱ्यानं तो तिच्यापर्यंत पोचला.

“वृषाली,” तो म्हणाला. बाई म्हणायचं ह्या वेळी राहून गेलं. “आज इकडं ये. वाऱ्याच्या ह्या बाजूनं उभी राह्य.”

तिनं एकदा वळून घराकडे पाहिलं. आई दारात उभी राहून बघत होतीच. तरीही ती गेली.